सातबाऱ्यावरचे जंगल

बी.कॉम. झालेल्या माणसाने शब्दांच्या व्युत्पत्तीत पडू नये, असा एक अलिखित संकेत आहे. आम्ही जमाखर्चाची माणसे. आमच्या जगात 'जमा' म्हणजे जमा आणि 'नावे' म्हणजे नावे. दोन्हींचा अर्थ एकच निघू लागला, तर बँकेला कुलूप लागेल आणि आम्हाला बेड्या. भाषेचे मात्र तसे नाही. तिथे एकाच शब्दाच्या नावावर चार-चार खाती उघडलेली असतात, एका खात्याचा दुसऱ्याशी मेळ नसतो, आणि शेकडो वर्षांत कोणी ऑडिट केलेले नसते. इंग्रजी-मराठी कोशात 'वाईल्ड' या शब्दापुढे पाहा. रानटी, जंगली, वन्य, मोकाट, बेफाम, अनावर, ओसाड! एकाच माणसाने इतकी टोपणनावे घेऊन खाती उघडली असती, तर आम्ही त्याचे केवायसी केव्हाच परत पाठवले असते.

आता यातला पहिला खातेदार 'रान' घ्या.

माझी पहिली नेमणूक सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाली. शाखाधिकारी दादरचे. गृहस्थ सज्जन, पण त्यांनी गहू बघितला होता तो पिठाच्या गिरणीत. पीककर्जाचा एक हप्ता थकला म्हणून ते स्वतः वसुलीला गेले. दारात मालकीण उभी. म्हणाली, "मालक रानात गेल्यात. सांजच्याला येत्याल." साहेबांनी पुढचे वाक्य ऐकले नाही. शाखेत येऊन त्यांनी वरिष्ठ कार्यालयाला अहवाल धाडला, की कर्जदार घरदार सोडून जंगलात निघून गेला असून त्याचा ठावठिकाणा नाही. वरून विचारणा आली, "संन्यास घेतला की फरारी आहे, याचा खुलासा करावा." खुलासा त्या वेळी घरापासून दोनशे पावलांवर, गुडघ्यापर्यंत धोतर खोचून उसाला पाणी देत उभा होता. पुढच्या सोमवारी तो आला आणि हप्ता भरून गेला. अहवाल मात्र फाइलला राहिला.

तर देशावर रान म्हणजे शेत. नांगरलेले, कुळवलेले, खत घातलेले, माणसाच्या घामाने भिजलेले शेत. "औंदा रान चांगलं हाय" हे वाक्य माणसाच्या कष्टाबद्दल असते. आणि त्याच रानापासून 'रानटी' हा शब्द निघाला, ज्याचा अर्थ माणसाचा हात न लागलेला! रानडुक्कर, रानमांजर, रानगवा ही मंडळी एका रानातली, आणि त्यांना हाकलायला जो रात्रभर माचावर बसतो त्याचेही रानच. बायको मुलाला रानभाजी कौतुकाने वाढते आणि तो ताटात सांडू लागला की "रानटी आहेस नुसता" म्हणते. पोरांच्या शिक्षणासाठी बाप जिवाचे रान करतो, निवडणुकीत पुढारी रान उठवतो आणि निवडून आल्यावर त्याला रान मोकळे मिळते. बापाचे रान कर्जात, पुढाऱ्याचे रान मोकळे! व्याकरण दोन्हींचे एक, ताळेबंद निराळा.

या 'रान'चे मूळ 'अरण्य'. आणि 'अरण्य'चे मूळ, असे संस्कृतचे जाणकार सांगतात, 'अरण', म्हणजे दूरचे, परके. याचा अर्थ अरण्य म्हणजे झाडांची गर्दी नव्हे, तर आपल्या गावाच्या शिवेपलीकडचे ते सगळे. पहिल्या दिवसापासून हा शब्द वनस्पतिशास्त्राचा नव्हताच, शेजारधर्माचा होता. मात्र आपल्या पूर्वजांचे मन मोठे. त्यांनी या परक्या प्रदेशालाही देवी मानले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अरण्यानी नावाच्या देवतेवर एक आखखे सूक्त आहे आणि तिथे तिची थोरवी अशी, की ती शेती करत नाही तरी तिच्याकडे अन्न भरपूर आहे. पीककर्जाविना अन्न देणारी ही एकच देवता माझ्या माहितीत आहे. आमच्या खात्यात तिच्यासाठी योजना नाही.

दुसरा खातेदार 'जंगल'. हा अधिक लबाड.

तुम्हा-आम्हाला जंगल म्हटले की काय दिसते? किर्र झाडी, वेली, ओल, दलदल, मधून एखादी डरकाळी. आता संस्कृतातला 'जांगल' पाहा. चरक-सुश्रुतांच्या वैद्यकात देशाचे प्रकार सांगितले आहेत. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा, कफ वाढवणारा. आणि जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, वर भरपूर आकाश, मधूनमधून खैर-शमीसारखी काटेरी झाडे, हरणे आणि तित्तिर पक्षी. तिथली माणसे काटक. म्हणजे आपण ज्याला जंगल म्हणतो त्याला वैद्यबुवा आनूप म्हणत, आणि ते ज्याला जांगल म्हणत त्याला आपण माळरान म्हणतो! फ्रान्सिस झिमरमन नावाच्या एका फ्रेंच पंडिताने १९८२ साली या उलटापालटीवर सबंध ग्रंथ लिहिला. हस्तिनापूरच्या भोवतालच्या प्रदेशाला महाभारतात कुरुजांगल म्हटले आहे, ते काही कौरव झाडावर राहत होते म्हणून नव्हे. आणि बिकानेरचे राजे स्वतःला मोठ्या अभिमानाने 'जंगलधर बादशाह' म्हणवून घेत. बिकानेरला जो जाऊन आला असेल, त्याला तिथे झाडांची गर्दी आठवणार नाही. आठवली तर वाळू आठवेल आणि भुजिया.

मग कोरड्या माळाचे किर्र अरण्य झाले कसे? मला वाटते, या व्यवहारात मध्ये एक महसूल खाते आले. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला, १७७६ साली, नॅथॅनियल हॅल्हेड या कंपनीच्या नोकराने हिंदूंच्या कायद्यांचा एक संग्रह इंग्रजीत छापला. त्यात 'जंगल'ची जी व्याख्या आहे ती वाचून माझ्यातला कारकून उठून उभा राहिला. जी जमीन पाच वर्षे पडीक राहिली ती जंगल! झाडे किती, वाघ किती, काही विचारायचे नाही. पाच वर्षे पीक नाही, सबब जंगल. अहो, ही तर आमची अनुत्पादक खात्याची व्याख्या! साध्या कर्जाचा हप्ता आमच्याकडे ९० दिवस थकला, की ते खाते 'एनपीए'. खातेदार आजारी होता की नोकरी गेली होती, याच्याशी व्याख्येला कर्तव्य नसते. ज्यातून वसूल येत नाही ते जंगल, हा अर्थ इंग्रजांच्या डोक्यात पक्का बसला. पुढे पडीक जमिनीत झुडपे वाढली, झुडपांची झाडे झाली, आणि अर्थही तसाच माजत गेला. १८९४ साली किपलिंगने सिवनीच्या डोंगरातल्या मोगलीला घेऊन 'जंगल बुक' काढले, तोवर शब्द पुरता हिरवा झाला होता. इंग्रजाने आपला सुका शब्द नेला आणि ओला करून परत केला. मुद्दल एक, परतफेड दुसरीच!

आपणही तो घासाघीस न करता घेतला. १९६१ साली 'जंगली' नावाचा सिनेमा आला. त्यात शम्मी कपूर बर्फावरून 'याहू' करत घसरला आणि देशातली तरुण पिढी त्याच्या मागोमाग. सबंध गाण्यात जंगल नाही, बर्फ आहे. पण गंमत पुढेच आहे. 'याहू' हा शब्द जोनाथन स्विफ्टने १७२६ साली गलिव्हरच्या सफरींत घडवला, तो माणसासारख्या दिसणाऱ्या ओंगळ, रानटी प्राण्यांसाठी. त्याच गोष्टीत घोडे सभ्य आहेत. म्हणजे शम्मी कपूर जे ओरडला ते कोशाच्या दृष्टीने अगदी तंतोतंत होते. चित्रपटसृष्टीत इतका अचूक शब्दप्रयोग फार क्वचित झाला असेल.

आणि पुण्यात तर कमालच. १८९० साली समाधिस्थ झालेले जंगली महाराज हे भांबुर्ड्याचे सत्पुरुष. त्यांच्या नावाचा रस्ता १९७० च्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर बांधला गेला आणि दहाच काय, त्यापुढेही कितीतरी वर्षे खड्ड्यावाचून राहिला. शहरातल्या थोरामोठ्यांच्या नावाच्या रस्त्यांवर पाठीचे मणके मोजून घ्यावेत आणि 'जंगली' रस्त्यावर स्कूटर लोण्यासारखी जावी, याला काय म्हणावे?

याच पुण्यात ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडमध्ये एक रानगवा आला. तो बिचारा सोसायटीच्या आवारात वाट शोधत होता. लोकांनी गर्दी केली, फोन काढले, आरडाओरडा केला, तो धावला, लोक धावले. अखेर त्याला पकडले आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो मेला. 'रान उठवणे' हा वाक्प्रचार मुळात शिकारीतला. हाकारे ढोल बडवून जनावराला उठवतात. मी तो आजवर फक्त निवडणुकीच्या बातम्यांत वाचला होता. त्या दिवशी तो मूळ अर्थाने घडला, तेही फ्लॅटसंस्कृतीत. त्यात रानटी कोण, हे मी सांगत बसत नाही. गव्याने कोणाचा फोटो काढला नव्हता.

आता कायद्याकडे वळू, कारण शब्दाचा अर्थ जिथे पैशात मोजला जातो ती जागा म्हणजे कायदा.

१९२७ चा भारतीय वन कायदा मी वाचला आहे. कामासाठी वाचला, पण पुलंचे पुस्तक वाचावे तसा हसत वाचला. त्यात 'गुरे' या शब्दात हत्ती आणि उंट येतात. 'झाड' या शब्दात खुंट येतो. बांबू, जो शास्त्राने गवत आहे, तो या कायद्याने नव्वद वर्षे झाड होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला, तेव्हा कुठे बांबू झाडाच्या यादीतून खाली उतरला. आणि हत्तीपासून खुंटापर्यंत सगळ्यांची व्याख्या करणाऱ्या या कायद्यात 'वन' म्हणजे काय, याची व्याख्या नाही! बँकेच्या नियमावलीत 'स्टेपलर'ची व्याख्या असावी आणि 'पैसा' राहून जावा, तसे हे.

याच कायद्याच्या काळात गवत कापणे हा गुन्हा होता. जुलै १९३० मध्ये पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी विळा घेतला, राखीव जंगलातले गवत कापले आणि तुरुंगात गेले. गांधींनी मीठ उचलले, वऱ्हाडाने गवत. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळ्या चालल्या आणि माणसे गेली. ज्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात चरत होती, त्यांनी एके दिवशी पाहिले तर रान सरकारच्या खात्यात वर्ग झालेले! पासबुक मात्र त्यांना कोणी दाखवले नव्हते.

प्राण्यांचेही तेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात 'वन्य' कोण हे परिशिष्टावरून ठरते. वाघ एका परिशिष्टात. कावळा, उंदीर, फळे खाणारे वटवाघूळ हे उपद्रवी प्राण्यांच्या वेगळ्या परिशिष्टात. उपद्रवी प्राण्याची व्याख्याही 'त्या परिशिष्टातला वन्य प्राणी' अशीच होती. म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये आमची जुनी लेजरे कुरतडणारा उंदीर हा कायद्याने वन्य प्राणी! २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले. उंदरांनी त्याची दखल घेतलेली दिसत नाही.

इथवर हसून झाले. पण अशा याद्या माणसांच्याही झाल्या आहेत. १८७१ साली सरकारने दोन कायदे केले. एक मोकाट गुरांचा. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे आणि दंड भरून मालकाने सोडवायचे. दुसरा भटक्या माणसांचा. त्यात सबंध जमातीच 'गुन्हेगार' म्हणून नोंदवल्या. मूल जन्मले की नोंद, गाव सोडायचे तर परवानगी. आधी उत्तरेकडे आणि पुढे देशभर हा कायदा पसरला. आमच्या सोलापुरातही अशा माणसांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. गुराला निदान दंड भरून सुटका होती. या माणसांना ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत वाट पाहावी लागली. 'रानटी' हा शब्द आपण ताटात सांडणाऱ्या पोराला वापरतो तेव्हा तो लाडिक असतो. तोच सरकारी रजिस्टरात चढला की चार पिढ्या उतरत नाही.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या मूळ मुद्द्यावर येतो. बढतीबरोबर माझी बदली नागपूरकडे झाली. आमच्या शाखेतले चपराशी, सगळे त्यांना भाऊ म्हणत, वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांना मुलाच्या लग्नाआधी घरावर एक खोली चढवायची होती. त्यांनी गृहकर्जाचा अर्ज केला. कागद चोख. वडिलांना सरकारने दिलेला पट्टा, घरपट्टीच्या पावत्या, विजेचे बिल. वस्तीत शाळा, दवाखाना, रेशनचे दुकान आणि दोन पानठेले. पण वकिलाने जमिनीचा सातबारा काढला आणि त्यावर दोन शब्द निघाले : 'झुडपी जंगल'. अर्ज परत.

हा झुडपी जंगल प्रकार पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. मध्य प्रांताच्या काळापासून महसूल दप्तरात ही नोंद चालत आली. अर्थ अगदी साधा : झुडपांची, शेतीला निरुपयोगी, गुरे चारायची पडीक जमीन. ओळखलेत ना? हाच तो चरकाचा 'जांगल'! कोरडा, मोकळा, काटेरी. जो अर्थ पंडित विसरले, इंग्रज विसरले आणि सिनेमावाले कधी शिकलेच नव्हते, तो नागपूरच्या पटवाऱ्याने आपल्या दप्तरात जपून ठेवला होता. सरकारनेही तो त्याच अर्थाने वाचला आणि अशा जमिनीवर शाळा काढल्या, कचेऱ्या बांधल्या, स्मशानभूमी नेमल्या, गरिबांना पट्टे दिले.

मग १२ डिसेंबर १९९६ उजाडला. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यात वनाची व्याख्या नाही ना, मग शब्दकोशातला अर्थ धरा, असे सांगितले. शिवाय सरकारी दप्तरात जे जे वन म्हणून लिहिले आहे तेही वनच. या निकालाने देशातली किती झाडे वाचली याला हिशेब नाही. टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाणारा मी तरी त्याला नावे ठेवणार नाही. पण कोशाचा अर्थ हिरवा होता आणि दप्तराचा सुका. दोन्हींवर शिक्का एकच बसला. सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन अर्थाच्या दोन पायऱ्यांमध्ये लटकली, आणि तिच्यावर आमचे भाऊ, त्यांचे घर, त्यांची वर न चढलेली खोली.

मी त्यांना हे समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "साहेब, आंगनात तुळस लावली त बकरी खाऊन जाते. अन्‌ जंगल म्हनता जी तुम्ही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी वहिनींची पोत तारण ठेवून त्यांनी सोनेतारण कर्ज काढले. ते आमच्याच शाखेने एका तासात दिले. सोने कुठल्या जमिनीतून निघाले, तिथे झुडपे होती की वाघ, हे विचारायचा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाचा निकाल दिला. ही जमीन वनच, असे त्यात ठरले. पण १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने ज्यांना ती रीतसर दिली, त्यांच्यासाठी राज्याने केंद्राकडे एकत्रित प्रस्ताव करावा, ही वाटही ठेवली. मी निकाल वाचला आणि आता निवृत्त झालेल्या भाऊंना फोन करून सांगितले, "भाऊ, वाट आहे. वडिलांचा पट्टा जपून ठेवा."

"पट्टा त हाय जी, देवघरात ठेवला हाय," ते म्हणाले. "पन प्रस्तावात आमचं घर कोन्या नावानं लिहितीन? घर, का जंगल?"

हा प्रश्न कोशकारांचा आहे, वकिलांचा आहे आणि पटवाऱ्याचाही. बी.कॉम.वाल्याने इतकेच सुचवावे, की शब्दाचा अर्थ बदलायला कोणाची हरकत नाही, भाषा जिवंत आहे तोवर तो बदलणारच. फक्त अर्थ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग करताना, आधी खातेदाराला नोटीस द्यावी. आमच्याकडे तशी पद्धत आहे.